पाहुण्यांच्या आधीचं पान

सरकारी पाहुणचाराचं नाव काढलं की आजही माझ्या मुठी वळतात.

परदेशातून कुणी शिष्टमंडळ आमच्या नाहूरला नवीन उद्यान बघायला येणार होतं. जेवण शेजारच्या सभागृहात. आमच्या गल्लीतल्या नळाला कधी निधी मिळाला नाही, पण त्या आठवड्यात कमानीला ऑर्किड लागले, रस्ता धुतला गेला, आमच्या घरांसमोर हिरवा पडदा उभा राहिला. पाहुण्यांना स्थानिक चव हवी म्हणून स्वयंपाक मात्र आईच्या बचत गटाकडे आला. आई हरखून गेली होती, मी तिच्या हाताखाली होते.

आम्ही मालवणकडचे. मोठ्या जेवणात पहिलं पान देवाचं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आईने प्रत्येक पदार्थातलं घासभर केळीच्या पानावर वाढलं, पान सभागृहाच्या मागच्या दाराशी ठेवलं, भोवती पाणी फिरवलं आणि हात जोडले.

तेवढ्यात व्यवस्था बघणारे साहेब आत आले. सजवलेल्या ताटातली एक वडी गायब दिसली, मग दाराशी ते पान दिसलं.

"ए बाई, पाहुण्यांच्या आधी तोंड घातलंस? चोर कुठली! उष्टं वाढणार काय त्यांना?"

आणि त्यांनी पानाला लाथ मारली. काळ्या वाटाण्यांचं सांबारं भिंतभर उडालं.

आईच्या हातात वाढायचा डाव होता. तो तिने सरळ त्यांच्या खांद्यावर हाणला. "मेल्या, देवाच्या पानार लाथ मारतंस? आणि माका चोर म्हणतंस?"

बंदोबस्तावरच्या हवालदाराने आईच्या कानाखाली अशी पेटवली की तिचं डोकं भिंतीवर आदळलं, ओठ फुटला. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. त्याने मला केसांना धरून फरफटवलं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्यांचे सायरन वाजले तेव्हा कुठे सगळ्यांचे हात थांबले.

पाहुणे पोटभर जेवले. आई कोपऱ्यात पदराने रक्त टिपत एकच घोकत होती, "तेका शब्द माघारी घेऊक सांगा." माराचं तिला काही नव्हतं. चोर म्हटलेलं तिला सोसवत नव्हतं.

जेवणानंतर पाहुण्यांनी स्वयंपाक करणारीला भेटायची इच्छा सांगितली. साहेबांची तारांबळ उडाली. सत्काराच्या शाली आणि नारळ तयार होतेच. कॅमेऱ्याकडे बघत, हसत हसत त्यांनीच आईच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला.

"आधी शब्द माघारी घे," आई म्हणाली.

"गप उभी राहा. फोटो होऊ दे," साहेब दातांतून पुटपुटले.

आईने दोन्ही हातांनी नारळ डोक्यावर उचलला. आता यांचं टाळकं फुटणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, मला ते हवं होतं. तिने तो त्यांच्या बुटांपुढे एवढ्या जोरात आपटला की करवंटीचे तुकडे पहिल्या रांगेपर्यंत उडाले. साहेब दचकून मागच्या खुर्चीत कोसळले.

पाहुण्यांना वाटलं, इथली रीतच असेल. ते सगळे उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. मग साहेबही उठले, आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या.