कानोत्याला जाताना गाडी अर्धवट चार्ज झाली

इलेक्ट्रिक गाडी म्हणजे चाकं लावलेला मोबाईल, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचे. रात्री लावायची, सकाळी काढायची, संपलं. जयपूरच्या वैशाली नगरमधल्या आमच्या घरमालकांनी पार्किंगमध्ये एसीला लागतो तसला जाड पिनांचा सॉकेट बसवून दिला होता. गाडी रात्रभर घोटघोट वीज प्यायची आणि सकाळी खाली उतरलं की हिरवा दिवा मंद लुकलुकत असायचा. मला ते फार म्हणजे फारच आवडायचं. आपण झोपेत असताना कुणीतरी आपल्यासाठी जागं होतं, असं काहीतरी वाटायचं.

मग आई आली, सांगलीहून, थोड्या दिवसांसाठी. बाबा गेल्यापासून ती तिथे एकटी असते आणि मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती, की तिने इथे माझ्याकडे राहायला यावं. तिचं उत्तर ठरलेलं. ‘तुझ्या जयपूरला नदी नाही गं. पाणी दिसल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटत नाही.’ आता कृष्णा मी कुठून आणू? पण ऑफिसात कुणीतरी म्हणालं, कानोत्याला धरण आहे, पावसाळा संपल्यावर छान भरलेलं असतं. मी ठरवूनच टाकलं. ती जायच्या आदल्या दिवशी तिला तिथे न्यायचं, पाण्यासमोर बसवायचं आणि पुन्हा विचारायचं.

त्या सकाळी नुकतं उजाडत होतं, कुठल्यातरी गच्चीवर मोर ओरडत होता, आणि गाडीच्या स्क्रीनवर अठरा टक्के. वायर लावलेली, पण दिवा नाही. भिंतीवरचं बटण बंद.

‘ते मी बंद केलं,’ आई म्हणाली. ‘जेवल्यावर शतपावलीला खाली उतरले होते ना, तेव्हा. रात्रभर बटण चालू ठेवतं का कुणी?’

आमच्या घरात गीझर, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांची बटणं झोपायच्या आधी बंद होतात. मी त्यातच वाढले, आणि तरी तिला सांगून ठेवायचं मला सुचलं नाही.

‘अगं आई, ती चार्ज होत होती.’

‘मग आता कर की. तूच म्हणालीस, मोबाईलसारखी आहे. माझा तर चहा होईपर्यंत भरतो.’

अठरा टक्क्यांत कानोत्याला पोचलो असतो, परत आलो नसतो. म्हणून आग्रा रोडवर एका पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात फास्ट चार्जर आहे, तिथे थांबलो. जाडजूड वायरची ती गन गाडीत खट्‌कन बसली आणि आकडे पळायलाच लागले. आम्ही आत बसून डब्यातले धपाटे खाल्ले. इंजिनाचा आवाज नाही, नुसता एसीचा गार श्वास. काचेपलीकडून दुधाच्या कॅन लावलेल्या मोटारसायकली कोवळ्या उन्हात तरंगत गेल्यासारख्या जात होत्या. गाडी उभी होती, पण आम्ही दोघी कुठेतरी हळूच वाहत चाललोय असं मला वाटत होतं.

ऐंशीनंतर आकडा जवळजवळ हलेचना. मी मात्र शंभरवर अडून बसलेले. मागे रांगेत एक टॅक्सीवाले भैया होते, ते काचेशी आले. ‘मैडम, अस्सी के बाद बहुत धीरे लेती है. बाकी घर पे भर लेना.’

आई मध्येच पडली. ‘भैया, हमारे यहाँ आधे पेट किसी को उठाते नहीं.’

‘माताजी, अस्सी मतलब आधा पेट थोड़ी है?’ ते हसत सुटले.

मी आईला समजावलं, बॅटरी म्हणजे लग्नातली पंगत समज, आधी माणसं पटापट बसतात, शेवटच्यांना मात्र सरकून सरकून जागा करावी लागते. फास्ट चार्जर त्या शेवटच्या लोकांसाठी नाहीच, त्यांना घरचा रात्रीचा सॉकेट बरा. हे मलाही तिथेच, स्क्रीनकडे बघत बसून कळलं होतं, पण मी आधीपासून माहीत असल्यासारखं सांगितलं.

‘जाऊन येण्यापुरती झाली ना? मग काढ ते. तो बिचारा उभा आहे,’ आई म्हणाली.

कानोत्याला पोचेपर्यंत ऊन पिवळं झालं होतं. पाणी सपाट, फिकट, पलीकडच्या काठावर पांढरे पक्षी ठिपक्यांसारखे. आई दगडावर बसली. मीही तिच्याजवळ बसून राहिले. वाऱ्याने पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या, पुसल्या जात होत्या. शेवटी मी विचारलं, ‘येशील का राहायला?’

‘हे थांबलेलं पाणी आहे गं,’ ती म्हणाली. मग पाण्याकडेच बघत ती म्हणाली, ‘थंडीत येईन. तिकडचं घर मात्र मोडायचं नाही.’

‘आणि थंडी संपल्यावर?’ हे अगदी ओठांवर आलं होतं. मी विचारलं नाही. तिने चपला काढल्या, खाली उतरून पाण्यात पाय सोडले आणि मला म्हणाली, ‘तूही ये, बघ किती गार आहे.’