आईचं ताट, माझं डाएट

"तूच खा पोरी, मला भूक नाय," म्हणत आईने आज दुपारी तिची भाकरी माझ्या ताटात टाकली. मी फक्त काकडी घेतली होती. गुडघे वाचवायचे तर वजन उतरवा, असं बोईसरच्या डॉक्टरांनी बजावलंय.

"डॉक्टरांनी कमी खायला सांगितलंय, आई."

"डाक्टरचं नको सांगू. पीठ संपलंय, तर तसं बोल."

आईला आता जुनेच दिवस आठवतात. तेव्हा आमची पोटं भरल्याशिवाय ती जेवत नसे. माझं डाएट सुरू झाल्यापासून तिची हाडं दिसू लागलीत.

पिठाचा डबा उघडून दाखवला, तरी ऐकेना. शेवटी मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग ती जेवली.

तुम्ही काय केलं असतं?

दुसऱ्या दिवशीची भर: सकाळी मी बशीभर पोहे संपवले, मग आईने पहिला घास घेतला.