अण्णांचे दिनविशेष

बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, किस्सा मात्र ऑफिसातच मुक्काम ठोकतो. बेळगावच्या खडेबाजारातल्या आमच्या छोट्या मराठी दैनिकात असे किस्से साचले ते बहुतेक अण्णांमुळे. मूळ निपाणीचे अण्णा वर्षानुवर्षं एकच सदर लिहायचे, आजचे दिनविशेष. या तारखेला कोण जन्मलं, कोण गेलं, कुठली लढाई झाली, सगळं एका जाड रजिस्टरमधून.

*

एकदा टायपिंगमध्ये 'जन्म'चं 'निधन' झालं. बेळगावातलेच एक म्हातारे नाटककार जिवंतपणी गेले. दुपारी ते स्वतः छत्री टेकत जिना चढून आले. अण्णांनी हात जोडले, उद्याच दुरुस्ती छापतो म्हणाले.

"नको," नाटककार म्हणाले. "पेपर वाचून धाकटा पुण्याहून निघालाय. चार वर्षांनी येतोय. पोचू दे आधी."

*

लोंढा जंक्शनहून एका वाचकाचं पत्र आलं, आमच्या गावात इतिहासात काहीच घडलं नाही का? अण्णांनी तीन दिवस रजिस्टर चाळलं. चौथ्या दिवशी खिन्न होऊन म्हणाले, "न्हाय रं. गाड्या थांबत्यात आन् जात्यात."

*

मग मालक म्हणाले, हे सगळं आता मोबाईलवर फुकट मिळतं, सदर वाचतं कोण? त्याच आठवड्यात आमच्या चुकीनं मंगळवारचे दिनविशेष सलग तीन दिवस छापले गेले. एकाही वाचकाची तक्रार नाही. शुक्रवारी एक फोन आला, तेव्हा अण्णा धावतच गेले.

शब्दकोड्याचं उत्तर चुकलं होतं.

*

आमच्याकडे एक नोव्हेंबरला एका तारखेत दोन दिवस असतात. सरकारी कचेऱ्यांत कर्नाटक राज्योत्सव, मराठी घरांत काळा दिन. अण्णा दरवर्षी काळी फीत बांधून सायकल फेरीत जायचे. त्यांची मुलगी सुजाता सरकारी नोकरीत, तिला झेंडावंदनाला हजर राहावंच लागायचं. एका वर्षी तिचा लाल-पिवळ्या झेंड्याखालचा फोटो कन्नड पेपरात आला आणि अण्णांनी बोलणं टाकलं. तिनं बेंगळुरूला बदली मागून घेतली. पाच वर्षं अशीच गेली.

गेल्या एकतीस ऑक्टोबरला दुपारी अण्णांनी ऑफिसातून तिला फोन लावला. मी शेजारच्या टेबलावर पानं लावत होतो. ते एवढंच म्हणाले, "उद्याचा अंक बघ गं," आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ऐनवेळी राज्योत्सवाच्या शुभेच्छांची जाहिरात आली. जागा हवी होती. मी दिनविशेषातली शेवटची ओळ न वाचताच उडवली.

सकाळी अण्णांनी अंक उघडला. बोट वरून खाली नेलं, तळाशी थांबले. पुन्हा वरपासून वाचलं. मी त्यांचा हातानं लिहिलेला कागद शोधून काढला. शेवटची ओळ होती : 'आमची सुजाता जन्मली. सकाळी सात वाजता.'

तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. कमी ऐकू येतं म्हणून ते स्पीकर लावतात.

"अण्णा, मोबाईलवर सगळा अंक वाचला. काय बघायचं होतं?"

अण्णांनी रजिस्टर ओढलं, दोन नोव्हेंबरचं पान काढलं.

"काय न्हाय गं," ते म्हणाले. "असंच."