आफ्रिकेचे प्रस्थान, खानसाहेबांच्या ओसरीवर

सिंह पाहायला जायचे ठरले तेव्हा आमच्या घरात सिंहाचा अनुभव असलेले कोणीच नव्हते. माझा त्याच्याशी परिचय शाळेत शिकवायच्या संस्कृत पाठांपुरता. तिथला सिंह सभा भरवतो, न्याय देतो, लांबलचक समास बोलतो आणि शेवटी फसतो. खऱ्या सिंहाकडून यातले काहीही अपेक्षू नये, हे जाणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो.

निमंत्रण मेव्हण्याचे. माझ्या बायकोचा, अंबूचा, धाकटा भाऊ वसंता नैरोबीला रेल्वेच्या कचेरीत कारकून आहे. ऐन विशीत जो आगबोटीत बसला तो परत आलाच नाही. रजा मिळाली तर भाडे नसते, भाडे जमले तर रजा नसते. भाऊ जवळ नसला की आमच्याकडे बहिणी चंद्राला ओवाळतात. अंबूने इतक्या भाऊबीजा चंद्रावर भागवल्या की चंद्राने एखाद्या वर्षी लुगडे धाडायला हरकत नव्हती. यंदा वसंताने लिहिले, "दाजी, ताईला घेऊन या. तुम्हाला सिंह दाखवतो आणि तिला मी दिसेन."

आईने पत्र ऐकले. सिंहाला तिची हरकत नव्हती.

"तू जा बाबा," ती मला म्हणाली. "पुरुषाची गोष्ट येगळी. बाईनं समुद्र ओलांडायचा न्हाई. आपल्यात कुणी ओलांडला न्हाई."

"आपल्यात पुरुषांनी तरी कुठं ओलांडला?" मी म्हणालो.

"म्हणून तर तुला जा म्हणून राहिले. एकानं ओलांडला तर पुरे हाय."

या युक्तिवादाला उत्तर मला न्यायशास्त्रात सापडले नाही. अंबू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तुम्ही जाऊन या. त्याला नीट बघून या, म्हणजे झालं." एवढे बोलून ती भाजणी भाजायला गेली. त्या दिवशी भाजणी जरा जास्तच काळी झाली.

परदेशी जायच्या परवान्याच्या अर्जात मी मात्र तिचे नाव आणि फोटो दोन्ही घालून दिले. बायको नवऱ्याच्याच परवान्यात मावते, वेगळा काढावा लागत नाही. हैदराबादेहून कागद यायला फार वेळ लागतो, तेव्हा ही खटपट सगळ्यात आधी करावी. तसेच आपले निजामी हाली रुपये मुंबईपुढे कोणी ओळखत नाही. त्यांचे इंग्रजी कलदार करून घ्यावेत.

आता सामान. आमच्या घराला लागून खानसाहेब राहतात. वनखात्यात जन्म गेला, आता पेन्शन खातात आणि गुलाबांची छाटणी करतात. सगळी गल्ली मला पांढरी धोतरे आणि पंखे न्यायला सांगत होती, तेव्हा एकटे खानसाहेब म्हणाले, "पंडितजी, ये सफेद धोतर नक्को. जानवर दूर से देख लेता. मातीच्या रंगाचे कपडे घ्या. और कंबल घ्या."

"आफ्रिकेत कंबल?"

"उंचावर है ना वो. सुबह दात वाजतात, ऐसा सुना मैंने. अत्तर नक्को, केसाला तेल नक्को. और बोलना कम." शेवटची सूचना देताना ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहत राहिले.

मी चार धोतरे घेऊन रंगाऱ्याकडे गेलो आणि मातीचा रंग द्या म्हणालो. त्याने धोतरे उलटीसुलटी करून पाहिली. "गुरुजी, माती लागली म्हणून लोक कापड धुवायला देतेत. तुम्ही लावायला देऊन राहिलात." तरी त्याने रंग फार सुरेख दिला. दोरीवर वाळत घातलेली धोतरे पाहून आईने ती पुन्हा धुवायला टाकली. एक धुतले गेले, तीन वाचली. सफारीला तीन पुरतात.

डास फार, म्हणून मच्छरदाणी आणि कोयनेल. उन्हाची टोपी घ्यावी. मी घेतली. ती घालून आरशात पाहिले आणि मुले शाळेत मला का हसतात ते प्रथमच त्यांच्या बाजूने कळले. अंबूने भावासाठी काळा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि पापडांचा डबा भरला. प्रत्येक डब्याला फडके बांधताना ती मला बजावी, "हे त्याच्या हातात द्या. आणि खाताना त्याचं तोंड बघून ठेवा, मला सांगायला." शेवटी पेटीत त्याचे सामान जास्त आणि माझे कमी झाले. सिंहाला मी कोणत्या रंगात दिसेन यापेक्षा मेतकूट सांडेल का, याची काळजी घरात जास्त होती.

मग प्रस्थान. निघायचा दिवस आणि मुहूर्त जुळत नसला की मुहूर्तावर आपले वस्त्र, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. वस्त्र निघाले की माणूस निघाला. मग ते घरात परत आणायचे नाही. आणले तर प्रस्थान मोडले, आणि मोडल्या प्रस्थानाची माणसे आमची आई अजून नावे घेऊन सांगते.

आफ्रिका आमच्यापासून नैर्ऋत्येला. ही दिशा राक्षसांची, हे मी बोलून गेलो आणि पस्तावलो. आई म्हणाली, "सिंह राक्षसाकडंच असणार, देवाकडं कशाला ऱ्हातेत?" पण खरी अडचण वेगळी होती. आमच्या नैर्ऋत्येला घर एकच, खानसाहेबांचे. त्यापलीकडे थेट गोदावरीचा उतार. आई थोडा वेळ विचारात पडली. मग म्हणाली, "दिशा ती दिशा. खानसाहेब का परके हायत?" बोचके तिने स्वतः बांधले आणि मुहूर्तावर मी ते त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवले. त्यांनी त्यासाठी पाट मांडला होता, वर गुलाबही ठेवला होता. पाठोपाठ पेटीही तिथे गेली, कारण पुन्हा आत-बाहेर नको. त्यानंतरची सारी बांधाबांध खानसाहेबांच्या ओसरीवर झाली. आई त्यांच्या फाटकाबाहेर उभी राहून हुकूम सोडी आणि खानसाहेब आतून "जी अम्मा" म्हणत पेटीत वस्तू ठेवीत.

"पंडितजी," ते म्हणाले, "अब आप मेरे घर से जा रहे. सिंह ने पूछा तो मेरा नाम बोलना."

दुसऱ्या दिवशी अंबू घरभर काही शोधत होती. "आत्याबाई, माझा हिरवा खण कुठं दिसला का? फडताळात होता."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तो का? प्रस्थानात गेला. ह्याचं उपरणं बांधायला हाताशी फडकं न्हवतं."

अंबू जागच्या जागी उभी राहिली. "म्हणजे माझं वस्त्र..."

"हाव. गेलं."

फडताळात धुतलेल्या फडक्यांची चवड मी सकाळीच पाहिली होती. चांगली हातभर उंच होती. 

"मग आता घेऊन येते," अंबू म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता.

"आणायचं कसं?" आईने सूप खाली ठेवले. "मोडायचं प्रस्थान? अगं, हा जायचा हाय त्या पाण्यावरून." मग ती माझ्याकडे वळली. "तू एवढा शिकलास. सांग हिला. जिचं वस्त्र निघालं, तिला मागं ऱ्हाता येतं का?"

अंबू माझ्याकडे पाहत होती. तिचा पदर तिच्या दोन्ही मुठींत होता.

मी घसा साफ केला. काशीच्या पंडितसभेत बसलो असतो तरी इतका गंभीर झालो नसतो. "शास्त्राप्रमाणे," मी म्हणालो, "राहता येत नाही."

माझ्या विद्येचा घरात झालेला हा पहिला उपयोग.

"ऐकलंस?" आई सुनेला म्हणाली. "मी जा म्हणून राहिले न्हाई. प्रस्थानच गेलं, त्याला कोण काय करणार? ऊठ, तुझी दोन लुगडी खानसाहेबांकडं पाठव."

अंबू उठली, स्वयंपाकघरात गेली, तिथून परत आली, पुन्हा गेली. कशाला गेलो ते तिला आठवत नव्हते. मग एकदम बसून हसू लागली, आणि आई तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसली.

नांदेडहून मुंबईला मनमाडवरून सरळ जाता येते. पण अंबूचे माहेर लातूर, आणि वसंताला भेटायला निघून वसंताच्या आईला न भेटणे शक्य नव्हते. सकाळची मोटार धरावी. लोहा, अहमदपूर करत दुपारी लातूरला पोचते. धुळीसाठी तोंडाला रुमाल हवा. माझे धोतर मात्र धुळीत अजिबात मळले नाही. अहमदपूरला चहा मिळतो, भजी ताजी असतात, भजी होईपर्यंत ड्रायव्हरही थांबतो.

टपावर पेटी चढवताना कंडक्टरने विचारले, "कुठं जायाचं?"

"आफ्रिकेला," अंबू म्हणाली. मला बोलायला अवकाशच दिला नाही.

कंडक्टरने क्षणभर आठवून पाहिले. "अहमदपूरच्या अलीकडं का पलीकडं?"

"बरंच पलीकडं."

"मग लातूरचं तिकीट घ्या. तिथून पुढचं तिथं बघा." यापेक्षा नेमका सल्ला मला मुंबईच्या बोटकंपनीतही मिळाला नाही.

लातूरला सासूबाईंनी लेकीला दारात पाहिले. "तू पण चाललीस?" एवढेच त्या म्हणाल्या आणि आत जाऊन वाकळ घेऊन आल्या. वसंताच्या लहानपणच्या कापडांची, चांगली बैलगाडीवर अंथरावी एवढी जड. मी ओझ्याविषयी काही बोलणार होतो. अंबूने ती वळकटीत बांधलीसुद्धा होती.

लातूरहून छोट्या गाडीने कुर्डुवाडी, तिथून मुंबई. छोटी गाडी इतकी निवांत धावते की खिडकीतून ओळखीच्या माणसाशी सबंध बोलणे होते. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पेटी उघडून दाखवावी लागते. पेटीची किल्ली बायकोच्या कमरेला आणि बायको जनान्या डब्यात, असे करू नये. शिपाई माझ्यापुढे उभा होता आणि मी फलाटावर "अंबू" म्हणून हाका मारत होतो. सबंध गाडीने त्या दिवशी माझ्या बायकोचे नाव ऐकले.

बोटीविषयी मी थोडेच लिहीन, कारण मी थोडेच पाहिले. डेकवर आडवा पडून आकाश हलताना पाहिले. अंबूला काही झाले नाही. तिने एका कच्छी कुटुंबाशी मैत्री केली आणि त्यांच्याकडून खाकरे घेऊन त्यांना चटणी दिली. लिंबाचे लोणचे जवळ ठेवावे.

मोंबासाला धक्क्यावर वसंता उभा होता. ताई येणार नाही असे त्याला आधी कळवले होते आणि नंतर कळवायला सवडच झाली नाही. त्याने मला ओळखले, पाया पडला, पेटीला हात घातला. "दाजी, सामान एवढंच ना?" असे म्हणत त्याने मागे पाहिले.

अंबू त्याच्यापुढे उभी होती. "टोपी काढ," ती म्हणाली. "तोंड दिसू दे."

त्याने टोपी काढली. डोक्याला टक्कल पडायला लागले होते. तिने ते पाहिले, आणि ती पाहते आहे हे त्यानेही पाहिले. मग तो म्हणाला, "तू कशी आलीस?"

"प्रस्थान ठेवलं गेलं," ती म्हणाली. "मोडता येईना."

नैरोबीला त्याच्या दोन खोल्यांच्या घरात तिने त्याला पाटावर बसवून ओवाळले. भाऊबीज नव्हती. तिथी कोणती होती ते मी पाहिले नाही, मला कोणी विचारलेही नाही.

आणि सफारी. कचेरीतल्या एका शीख मित्राची लॉरी, पहाटेचा प्रहर. खानसाहेबांचे शब्द खरे ठरले. दात असे वाजत होते की कमी बोलण्याची सूचना आपोआप पाळली गेली. एका वाकळीत आम्ही तिघे बसलो होतो. उजाडले तेव्हा पुढे मैलोगणती पिवळे गवत आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांची खेचरे, मोजायला बसू नये इतकी. जिराफ दिसला तेव्हा अंबू तोंडात पदर कोंबून हसत सुटली. "अहो, ह्याला कुणी घडवलं? मधे कुणाचं तरी लक्ष न्हवतं." सृष्टीच्या कर्त्यावर इतकी नेमकी टीका मी कोणत्याही भाष्यात वाचली नाही.

सिंह झाडाखाली झोपला होता. वनराज, मृगेंद्र, पंचानन, जी नावे मुलांकडून घोकून घेतली त्यातले एकही त्याला शोभत नव्हते. पोट वर करून, जेवल्यानंतरच्या आमच्या हेडमास्तरांसारखा पडला होता. सगळे श्वास रोखून बसले. खानसाहेबांच्या सल्ल्याने अंबूने बांगड्यांना रुमाल गुंडाळला होता. वारा नव्हता, पान हलत नव्हते.

आणि कुर्रकन पापड मोडला.

सिंहाने मान उचलली. पिवळ्या डोळ्यांनी त्याने आमच्याकडे पाहिले. शीख मित्राने इंजिनाच्या किल्लीवर हात ठेवला. वसंता तोंडात पापड धरून पुतळ्यासारखा बसला होता. त्याला ना चावता येत होते, ना गिळता. अंबू ओठ न हलवता म्हणाली, "वश्या, तुला दम म्हणून न्हाई."

सिंहाने जांभई दिली आणि पुन्हा आडवा झाला. लॉरी बरीच दूर आल्यावर वसंताने पापड चावला, आणि मग तो आणि ती एकमेकांना धरून असे हसले की लॉरीला दोनदा थांबावे लागले. माझ्या मांडीवर दुर्बीण होती. त्या दोघांना पाहायला ती लागली नाही.

सफारीला पापड नेऊ नयेत. किंवा न्यावेत. मी नक्की सांगू शकत नाही.

घरी परतलो. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पंचगव्य पाजले, आणि आम्ही शुद्ध झाल्यावर पहिला प्रश्न केला, "पोरगा खातोपितो का नीट?" सिंहाची चौकशी दुसऱ्या दिवशी झाली. वसंता परत येणार नाही, हे अंबूने तिला सांगितले. तिकडेच घर बांधतोय म्हणाली. माझी समजूत होती की हे सांगताना ती रडेल. ती भाजणी भाजत होती, आणि भाजणी या खेपेला बरोबर भाजली गेली.

माझ्यापाशी काय उरले म्हणाल तर तीन मातकट धोतरे, जी आता शाळेत नेसता येत नाहीत, आणि सिंहाच्या नावांविषयी थोडी शंका. अंबूपाशी काय उरले ते परवा कळले. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपैकी एकीने डोळे मोठे करून विचारले, "बाई, लई लांब असंल न्हाई का ते?"

"छे," अंबू तिच्या कपाळाला कुंकू लावत म्हणाली. "लातूरला गाडी बदलायची."