दुसरा हात भरण्याआधी

नवरीचा उजवा हात भरून झाला होता. डावा माझ्या मांडीवर होता आणि पहिली हिरवी बांगडी मी तिच्या बोटांवरून खाली सरकवत होते. मूल गावातल्या मोठ्या राइस मिलच्या मालकांची ती ओसरी. पंधरा-वीस बायका बसलेल्या, चहा फिरत होता. तेवढ्यात एका पाहुणीचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं.

"काऊन वं कासारीण? साऱ्यांचे हात भरून राह्यली, आन तुहाच डावा हात मोकळा?"

मी काही बोलायच्या आत मिलवाली बाई बोलली. तिला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, एकटीला, विश्वासाने.

"तिले क्यान्सर आहे," ती म्हणाली. "छातीचा. कापून टाकली तिची."

नवरीने हात मागे घेतला नाही, पण तिच्या आत्याने घेतला. माझ्या मांडीवरून पोरीचा हात उचलला आणि पदराने पुसला.

"काढ त्या बांगड्या," मिलवाली म्हणाली.

"काऊन बाई?"

"काऊन म्हंते? लग्नाची पोरगी आहे ते. काढ."

रोग तिला आठ दिवसांपासून ठाऊक होता. तरी तिने मला बोलावलं, कारण नवरीचा चुडा माझ्या हातचा असला की एक काच फुटत नाही, हे सगळ्या मूलला माहीत आहे. चारचौघींत तिनेच बोभाटा केला, आत्याने पोरीचा हात पुसला, तेव्हा कुठे तिला विटाळ आठवला.

नवरीची बांगडी फोडता येत नाही, अपशकुन होतो. म्हणून साबणाचं पाणी मागवलं. एक एक बांगडी मी साबण लावून उतरवली. सगळ्या बायका बघत होत्या, कोणी चहाचा घोटसुद्धा घेत नव्हतं. पोर हळूच रडत होती. शेवटची बांगडी निघाली तेव्हा मी मान खाली घालून म्हटलं, "चुकलं बाई."

चुकलं! काय चुकलं होतं माझं? त्या बाईने केलं ते मी विसरेन एक वेळ. पण माझ्याच तोंडून निघालेला तो शब्द मला आजही जाळतो.

आम्ही मनिहार. बांगड्या भरणं हा आमचा बापजाद्यांचा धंदा. मूलच्या बाजाराच्या तोंडाशी माझं टपरीएवढं दुकान आहे आणि त्याला लागून नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं. वीस वर्षं झाली, आजूबाजूच्या खेड्यांतल्या बायका माझ्यासमोर बसून हात पुढे करतात. कुणब्याच्या, तेल्याच्या, ढिवराच्या, सगळ्या. बांगड्या भरून झाल्या की वाकून नमस्कार करतात मला. मी मुसलमान, तरी करतात. रीतच आहे तशी. मिलवाली बाईसुद्धा करायची.

डावा हात मोकळा का, ते सांगते. त्याच बाजूचं माझं थान कापलं. ऑपरेशननंतर हाताला सूज येते. डॉक्टर म्हणाले, या हाताला इंजेक्शन नको, ओझं नको आणि बांगडी तर मुळीच नको. मला हसूच आलं. म्हटलं साहेब, माझा धंदा काय आहे माहीत आहे का?

गाठ मला दहा महिने आधी लागली होती. दहा महिने मी ती लपवली. नवऱ्याला सांगितलं, काखेत गाठ आहे. थान हा शब्द नवऱ्यासमोरही तोंडातून निघाला नाही. त्यानेही काखेची म्हणून तावीज आणून दिला आणि काखेला लेप लावला. गाठ एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी! दहा महिने असं चाललं. शेवटी बहिणीने गडचिरोलीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईने हात लावून पाहिलं आणि तिथल्या तिथे नागपूरची चिठ्ठी दिली.

नागपूरला ऑपरेशन झालं. मग औषधाचे सहा डोस सांगितले, दर एकवीस दिवसांनी एक. लाल रंगाचं औषध सलाईनमधून सोडतात. ते अंगात गेलं की दोन दिवस उलट्या थांबत नाहीत. पहिल्या डोसाला बहीण सोबत होती. नंतर तिला आठवा महिना लागला, तिला मी कशी ओढणार? आणि दवाखान्याचा नियम होता की बायकांच्या वॉर्डात पुरुष चालत नाही, सोबत बाईच पाहिजे.

म्हणून मी मिलवाल्या बाईकडे गेले होते. त्यांची जीप दर आठवड्याला नागपूरला जायची. घरात कामाला दोन बायका होत्या. म्हटलं, बाई, एक दिवस एखादीला सोबत द्या. ती "पाहू" म्हणाली. मग तिने काय पाहिलं ते मी वर सांगितलंच.

दुसऱ्या डोसाला आम्ही दोघंच गेलो, मी आणि नवरा. तो बाहेर झाडाखाली बसला. सिस्टरने विचारलं, "सोबत बाई कोण आहे?" मी म्हटलं, कोणी नाही. ती बिचारी वाईट नव्हती. म्हणाली, "उलटी झाली, चक्कर आली तर तुम्हाला धरणार कोण? आम्ही दोघी आणि इथे चाळीस पेशंट." दुपारपर्यंत मी बाकावर बसून राहिले. वाटलं, कोणाला तरी दया येईल. डॉक्टर आले, कागद पाहिला, म्हणाले, "आठ दिवसांत कोणाला तरी घेऊन या. लांबवाल तर पहिला डोसही वाया जाईल."

एस.टी.त नवरा खालच्या आवाजात म्हणाला, "किसीको बोलने का नहीं. जो है, अपने घर में."

घरात काय होतं? घरात बाई म्हणजे मी आणि माझी सात वर्षांची मुलगी.

तरी मी आणखी दोघींना विचारलं. हळूच, कानात, चोरी केल्यासारखं. नणंद म्हणाली, "मेरेको लग गया तो?" शेजारीण म्हणाली, पोरांची परीक्षा आहे. परीक्षा दोन महिने लांब होती. मी तिला "असू दे, असू दे" म्हणून परत आले, जसं काही मीच तिला त्रास दिला.

डॉक्टरांनी दिलेल्या आठ दिवसांतले चार गेले आणि बाजाराचा दिवस आला. मी दुकानात बसले. बायका यायला लागल्या. एकीचा हात धरला, तर मनगटावर बोटांचे निळे वळ. नवऱ्याचे. दरवेळी असतात. मी दरवेळी मोठ्या बांगड्या भरून ते झाकते आणि कोणाला बोलत नाही. दुसरीचा हात मापात बसेना, फुगला होता. मी म्हटलं, दिवस गेलेत काय वं? तिच्या सासूच्या आधी मला कळलं. एकीचा हात तापाने भाजत होता, तिला मी आधी गोळी घ्यायला पाठवलं. वीस वर्षं मी हेच करत आले. यांच्या हातावरून यांचं सगळं दुखणं मला कळतं. माझं एक दुखणं यांना माहीत नाही, कारण मी सांगितलं ते मोठ्या घरी, दारामागे, खालच्या आवाजात. आणि ज्या माझ्या होत्या त्यांच्यासमोर तोंड शिवून बसले. मला स्वतःचाच राग आला. असा राग, की कानशिलं तापली.

पुढे सुगंधाबाई बसली. जवळच्या खेड्यातली, पाच एकर धानाची शेती, तोंडाची फटकळ. तिचा उजवा हात भरला. डावा हातात घेतला आणि तिथेच थांबले. एक हात भरलेला आणि दुसरा मोकळा, अशी बाई आमच्याकडे उठून जात नाही. उठताच येत नाही तिला. हे मला माहीत होतं. लबाडी होती ती माझी. असू द्या.

"सुगंधाबाई," मी म्हटलं, आणि हळू नाही म्हटलं. "मले थानाचा क्यान्सर झाला. डावं थान कापून काढलं. चार दिवसांनी नागपूरले जाचं आहे. सोबत बाई नसली तर औषध देत नाई. औषध नाई भेटलं तर मी मरीन. आता सांग, माह्या हातून दुसरा हात भरतेस का जातेस?"

बाजूच्या कांदेवालीचा हात वजनाच्या काट्यावरच राहिला. सुगंधाबाईने आधी माझ्या मोकळ्या डाव्या हाताकडे बघितलं, मग ओढणीखाली सपाट झालेल्या बाजूकडे.

"मंगळवारी जाचं म्हंतेस?" ती म्हणाली. "मंगळवारी माह्या वावरात निंदण आहे वं. बुधवारी नाई चालत?"

"नाई. मंगळवारीच."

"मंग निंदण बुधवारी," ती म्हणाली. "भर ना दुसरा हात. काऊन थांबली?"

मी रडले. बाजारात, सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत रडले आणि रडता रडता तिचा हात भरला. दोन बांगड्या फुटल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

त्या दिवशी मी कोणालाच सोडलं नाही. एक हात भरायचा, थांबायचं, सांगायचं, विचारायचं. सगळ्या काही सुगंधाबाई नव्हत्या. एका मास्तराची बायको तशीच उठली. एका हातात डझनभर बांगड्या, दुसरा रिकामा, आणि भर बाजारातून तरातरा चालली. लोक वळून बघत होते. मला हसू आलं आणि लागलंही फार. पण दिवस मावळेपर्यंत चौघी हो म्हणाल्या. त्यातल्या दोघी रोजमजुरीवाल्या. मिलच्याच अंगणात धान वाळवतात त्या.

दुसरा डोस झाला. सुगंधाबाईने रात्रभर माझ्या तोंडापुढे तसराळं धरलं आणि मला शिव्याही दिल्या, आधी काऊन नाई सांगितलं म्हणून. तिसऱ्या डोसाला मजूर बायांपैकी एक आली. इकडे दुकानात बायका निराळंच विचारायला लागल्या. गाठ कशी होती वं? दुखत होती का? मी सांगायची, दुखत नाही, तेच तर फसवते. कातडीखाली चिंचोका ठेवल्यासारखी लागते. दुकानाला लुगड्याचा पडदा लावला आणि जिला बघायचं होतं तिला माझी जखम दाखवली. बायका पडद्याआड आपापलं चाचपून बघायच्या. बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायला लागली.

मग दोन माणसं आली. एक आमच्या मोहल्ल्यातले मोठे, दुसरा मिलवाल्यांचा भाऊ. एरवी हे दोघं एकमेकांच्या दारात चहासुद्धा घेत नाहीत. माझी लाज मात्र दोघांनी निम्मी निम्मी वाटून घेतली होती.

मोहल्लेवाले म्हणाले, "बेटी, बाजार में ऐसी बातें अच्छी नहीं लगतीं."

मिलवाल्यांचा भाऊ म्हणाला, "तुले मदत पाहिजे तर आमाले सांग ना. पण हे पडद्याचं बंद कर. बाजारात आयाबहिणी येतात."

"आयाबहिणींलेच तर सांगून राह्यली, भाऊ."

"पण तो शब्द..."

"कोणता? थान?" मी म्हटलं. "त्याच्यावरच वाढले ना तुमी?"

नवरा बाजूला ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होता. त्याने मान वर केली नाही, पण मला गप्पही केलं नाही.

"मदत करतो म्हंता," मी म्हटलं, "तर मंगळवारी माहा चौथा डोस आहे. तुमच्या घरून कोणाले पाठवता? आन तुमच्या?"

दोघंही गेले. मंगळवारी कोणी आलं नाही. सुगंधाबाईच आली पुन्हा.

सहाही डोस झाले. मोठ्या घरची लग्नं माझ्या हातून गेली ती गेलीच. त्यांच्याकडे आता चिमूरहून दुसरा कासार येतो. येऊ द्या. मोहल्ल्यातल्या काही घरांत अजून माझा चहाचा कप वेगळा असतो. त्या घरी मी चहा घेत नाही आणि का घेत नाही ते तिथेच सांगून उठते. एका हातावर बाईला अडवायची लबाडी आता करत नाही. आधी सांगते, मग हात धरते. पडदा लागलेला आहे. तो काढायला अजून तरी कोणी आलेलं नाही.

डॉक्टर दर सहा महिन्यांनी तपासतात आणि म्हणतात, परत येऊ शकतो, सांगता येत नाही. आला तर येऊ द्या. मी बाजाराच्या मधोमध बसून पुन्हा विचारीन, कोण येतं माझ्यासोबत? आणि ज्या घरातून कोणी उठणार नाही, त्या घराचं नाव घेऊन विचारीन.