आंबवड्याच्या मांडवातला दुहेरी फोटो

स्वारगेटला घाईघाईत मी साताऱ्याच्या गाडीत चढलो आणि कात्रज मागे पडल्यावर कंडक्टरने सांगितलं, की ही भोरला जात नाही. चूक माझीच. काखेत जपून धरलेल्या पुठ्ठ्यापलीकडे त्या सकाळी मला काही दिसतच नव्हतं. कापूरहोळला उतरलो, एका टेम्पोत कोथिंबिरीच्या जुड्यांशेजारी बसलो आणि दहाच्या सुमाराला भोरला पोचलो.

पुठ्ठ्यात एक फोटो होता, पण साधा नव्हे. जत्रेत मिळणारी रेघांच्या प्लास्टिकची चित्रं तुम्ही पाहिली असतील: डावीकडून पाहिलं की एक देव, उजवीकडून पाहिलं की दुसरा. पुण्यात मी हेच काम करायचो. दोन चित्रांच्या बारीक उभ्या पट्ट्या करायच्या, दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तशा त्या एकाआड एक बसवायच्या आणि वर उभ्या रेघांचं प्लास्टिक चिकटवायचं. मग एका बाजूने एकच चित्र दिसतं. लोक याला खेळणं म्हणत. मी कला म्हणायचो, आणि कुणी ऐकून घेतलं तर तासभर म्हणायचो.

हे काम आंबवड्याच्या दत्ताचं होतं. तो वरव्याजवळच्या एका कारखान्यात नोकरीला होता. त्याचे वडील, आबा, वर्षापूर्वी वारले. आई-वडिलांचा एकत्र असा एकही फोटो घरात नव्हता. दोघांचे सुटे फोटो माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला होता, "एकाच चौकटीत दोघांला बसवा. वर्षश्राद्धाला आईला दावायचाय. तिला आधी काय सांगायचं न्हाई." मी महिनाभर खपलो. डावीकडून फेटा बांधलेले आबा, उजवीकडून ठसठशीत कुंकू लावलेली आई. एकाची सावलीही दुसऱ्यात डोकावत नव्हती. हे माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे, अशी माझी खात्री होती आणि ती मी लपवतही नव्हतो.

चौकट भोरच्या बाजारात हमीदभाईंकडे करायची ठरली होती. दुकान एवढंसं, भिंतीला टेकलेल्या काचा आणि खाली लाकडाचा भुसा. हमीदभाईंनी फोटो टेबलावर उभा केला, या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला.

"कारागिरी लई भारी," ते म्हणाले. "बाई हयात हायेत न्हवं?"

"हो, आहेत की."

"मग हार कुठं घालायचा?"

"हार कशाला? ही कलाकृती आहे."

"मयताच्या फोटूला हार घालत्यातच, सायेब. चाळीस वर्सं म्या तेच फोटू मढवतोय."

मी हसून विषय टाळला. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्या दिवशी शहाणा नव्हतो. हमीदभाईंनी लाकडाच्या पट्ट्या कापल्या, बारीक खिळे ठोकले आणि चौकट जुन्या धोतरात गुंडाळून माझ्या हातात दिली.

दुपारच्या एसटीने निघालो. उत्रोलीच्या बाजूला भातं कापून झाली होती, खाचरांत नुसती बुडखं उरली होती आणि खळ्यांवर पेंढा रचला जात होता. आंबवड्याला दत्ता उभाच होता. चौकट त्याने शेजाऱ्याकडे लपवली आणि मला घरी नेलं.

त्याची आई, सोनाबाई, साठीच्या आसपासची, किरकोळ अंगाची. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. त्यांनी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाच्या वळलेल्या कड्या, झणझणीत रश्शात शिजवलेल्या) आणि तांदळाची भाकरी वाढली. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, तशा त्या तुपाची वाटी घेऊन आल्या.

"काम कशाचं करता?"

"फोटोचं."

"मग जरा लौकर यायचं की. ह्यांचा नि माजा जोडीनं काडायचा ऱ्हायला."

मी दत्ताकडे पाहिलं. तो ताटात बघून हसत होता.

दुसऱ्या दिवशी दारापुढे मांडव. दहापासून कीर्तन, बाराला फोटोवर फुलं, मग जेवण, अशी या भागातली रीत. जाजमावर डाव्या अंगाला पुरुष, उजव्या अंगाला बायका. साडेअकराला दत्ताने चौकट आणून मधल्या खुर्चीवर ठेवली आणि झेंडूचा घसघशीत हार घातला. मी पुरुषांत बसलो होतो. आबा असे दिसत होते की म्हाताऱ्या मंडळींनी हात जोडले. मी कौतुकाची वाट बघत होतो.

ओरडा झाला तो बायकांकडून. सोनाबाईंची बहीण वेल्ह्याहून आली होती. ती उठून उभी राहिली. "अगं बया! जित्या माणसाला हार घातलाय!"

"काय झालं?" आमच्या बाजूचा एक जण म्हणाला. "आबाच हायेत की."

त्याला आबाच दिसत होते आणि तिला फक्त सोनाबाई. आणि फोटोतल्या त्या कुंकवाच्या कपाळाखाली झेंडूचा हार. दत्ता पलीकडे धावला, त्याने पाहिलं आणि हार उतरवला. पण हार काढून भागणार नव्हतं. बाराला फुलं पडणार ती याच फोटोवर, आणि आबांचा मूळ फोटो पुण्यात माझ्या टेबलाच्या खणात.

"बाहेर टाका ते थेर!" वेल्ह्याची बहीण म्हणाली. कीर्तनकार महाराजांनी टाळ खाली ठेवून घड्याळ पाहिलं. दत्ता माझ्याकडे बघेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात सोनाबाई उठल्या. खुर्चीसमोर आल्या. पुरुषांच्या बाजूला जाऊन त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग बायकांच्या बाजूला जाऊन स्वतःकडे पाहिलं आणि नकळत हात कपाळाला नेला. तिथे आता काही नव्हतं.

"दत्ता, घाल हार," त्या म्हणाल्या.

"आक्के, याड लागलं का तुला?" बहीण म्हणाली.

"तिकडनं त्ये दिसत्यात, हिकडनं मी. मग हिकडनं बघताच कशाला? उठा समद्या. पुरुषांच्या अंगाला चला."

आधी कुणी हललं नाही. मग त्या स्वतःच डावीकडे जाऊन बसल्या, आणि पाठोपाठ सगळ्या बायका उठल्या. पुरुष सरकले, पोरं मांडीवर घेतली गेली, महाराजांनीही आपलं आसन इकडे ओढलं. उजवीकडचं जाजम मोकळं पडलं. बाराच्या ठोक्याला फुलं एकाच बाजूने पडली. वेल्ह्याच्या बहिणीने सगळ्यांत शेवटी टाकली, पण टाकली.

बुंदी, भात आणि आमटीचं जेवण झालं. निघताना मी सोनाबाईंना म्हणालो, "मावशी, माझं चुकलं. नुसता आबांचा फोटो करून पाठवतो. हा मी परत नेतो."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "हार उद्या उतरवीन म्या. मी गेले की घाला म्हनावं परत. तवा कुनाला जाग्यावरनं उठाया लागायचं न्हाई."

परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर लक्ष नव्हतं. आपलं माध्यम बघणाऱ्याला जागचं हलवतं, असं मी प्रदर्शनांत मोठ्या तोंडाने सांगायचो. अख्खा मांडव हललेला मी पहिल्यांदाच पाहिला, आणि तो माझ्या कलेने हलला नव्हता. दोन चेहरे वेगळे काढण्यात मी महिना घालवला होता. त्यातलं एक माणूस रोज सकाळी उठून चूल पेटवतं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. लाज वाटली, आणि ती बरेच दिवस गेली नाही.

घरी पोचल्यावर बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "आवडला का फोटो त्यांना?"

"सध्या अर्धाच वापरात आहे," मी म्हटलं. "उरलेला अर्धा लवकर न लागो."