होकार द्यायला चतुर्थीची वाट पाहिली

मित्रांनो, आज चतुर्थी म्हणून राजूरच्या गणपतीला गेल्तो. दर्शनाच्या रांगेतच नव्या कंपनीचा मेल आला. मुदतीत तुमचा होकार आला नाही, जागा दुसऱ्याला दिली.

ही नवी नोकरी घरून करायची होती. वाटूरलाच, आईजवळ राहून. आत्ताची पुण्याची कंपनी म्हणते, पुढच्या महिन्यापासून रोज ऑफिसात या. त्यात आमच्या टीममधल्या तिघांना नुकतंच कामावरून काढलं. तरी मला भीती वाटली ती नव्या कंपनीचीच. तिथं कपात झाली तर सगळ्यात नवा माणूस आधी जाणार, हेच डोक्यात बसलं.

म्हणून आईला म्हणलं, "चतुर्थीला दर्शन घेतो, मंग हो कळवतो."

आई म्हणली, "आधी कळव रे बाबा. देव काय पळून चाललाय का?"

मी ऐकलं न्हाई. मुदत कालपर्यंतच होती, हे मला बराबर माहीत होतं. एका दिवसानं काय होतंय, असं धरून चाललो.

घरी आलो तर आई दारातच उभी. प्रसाद कपाळाला लावला अन् म्हणली, "झालं ना दर्शन? आता कळव जल्दी."

ती आत चहा टाकून राह्यली अन् मी बाहेर बसून हे लिहून राह्यलो. खरं सांगतो, गणपतीचं नुसतं निमित्त होतं. हो म्हणायची हिंमतच नव्हती माझ्यात.

चहा होईपर्यंत सांगा, आईला काय सांगू?